सात नंबरचा फाटा

३ जून

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, ते दारातून आत पडतं आणि मग कुणाला तरी वाकून उचलावं लागतंच. अक्षर ओळखून तू पाकीट पालथं घालून ठेवशील, हेही मला माहीत आहे. पाच वर्षं आपण बोललो नाही, पण सत्तेचाळीस वर्षांची बहीण आहे मी तुझी. एवढं तर ओळखणारच.

काम साधं आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेला निरोगी माणसांची डोकी हवी होती, आठवतं? आजारी डोकी इस्पितळातून आपोआप येतात. धडधाकट माणूस मात्र स्कॅनच्या त्या नळकांड्यात अर्धा तास निपचित पडायला तयार होत नाही. मी तुला दंडाला धरून आणलं होतं. तू म्हणालास, "माझ्या डोक्यात काही सापडायचं असतं तर आईला केव्हाच सापडलं असतं." बाहेर आल्यावर म्हणालास की क्रेनच्या केबिनमध्ये याहून जास्त जागा असते, शिवाय चारी बाजूंना काच. आमच्याकडे कुणाचं नाव लिहीत नाहीत, नुसता नंबर देतात. तू सात नंबर.

तर त्या जुन्या लोकांना परत बोलावतायत. आठ वर्षांत काय फरक पडला ते बघायला. नेहमीची पाहणी आहे, काळजीचं कारण नाही. इथे माझ्या दारात यायचं नसेल तर तुझ्या शहरातल्या कुठल्याही मोठ्या इस्पितळात होईल. सोबत चिठ्ठी जोडली आहे, ती दाखवलीस की पुरे. या महिन्यात झालं तर बरं. या आठवड्यात झालं तर अजून बरं.

मी ठीक. टेबल तेच, खुर्ची बदलली, चष्म्याचा नंबर वाढला. सकाळपासून हे तिसरं पान घेतलं आहे, आधीची दोन फाडली. "लोभ असावा" लिहायची आपली सोय राहिली नाही, म्हणून नुसतंच,

टकळी

ता. क. शिडी चढताना मधे थांबतोस का? थांबत जा.


९ जून

दादा,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालवाल्याला दोनदा हटकलं. त्याची समजूत झाली आहे की या वयात माझं कुणावर तरी मन बसलंय. असू दे.

मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. परत बोलावणं सगळ्यांना नाही, काहींनाच आहे. का, ते सांगते. पण आधी दुसरं एक बोलायचं आहे, ते पोटात ठेवून पुढचं मला लिहिताच येत नाही. दोनदा उठून चहा करून आले. दोन्ही कप तसेच गार पडले आहेत.

आई गेली त्या संध्याकाळी इस्पितळाच्या जिन्यात मी तुला म्हणाले, "तुझ्या ओरडण्यानं फुटली ती नस. सकाळी तिच्यावर ओरडलास आणि दुपारी ती कोसळली." शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, तुझा आवाज तीन घरं ऐकू जात होता. कठडा धरून उभा राहिलास, मग खाली उतरून गेलास. तेव्हापासून तू गप्प आहेस.

दुसऱ्या कुणी ते म्हटलं असतं तर अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. माझा तर तो धंदा आहे. बोलताना मला ठाऊक होतं की हे खरं नाही.

मेंदूच्या तळाशी धमन्यांना फाटे फुटतात. एक धमनी येते आणि तिच्या दोन होतात. रक्त सरळ, जोरात येतं, फाट्याच्या बेचक्यावर आपटतं आणि तिथून दोन्हीकडे वळतं. दर ठोक्याला, दिवसाला लाखभर वेळा. त्यात दोन जोर असतात. एक बाहेर ढकलणारा, म्हणजे रक्तदाब, तो सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्याची कुणी चौकशी करत नाही. रक्त वाहता वाहता भिंतीला घासत जातं, तो. धमनीच्या आतल्या अस्तराला ही घासण कळते. बेताची असली तर अस्तर खुशीत असतं. पण बेचक्याच्या जरा पलीकडे, जिथे रक्त वळून एकदम वेग घेतं, तिथे घासण अचानक वाढते आणि अस्तर बिथरतं. त्याखालचा लवचिक पदर विरतो, स्नायूंचा थर पातळ होतो. मेंदूतल्या धमन्यांच्या भिंती आधीच नाजूक, बाहेरून आधार द्यायलाही कुणी नसतं. अशी वर्षं जातात आणि मग तिथे जरासा फुगवटा येतो. तो आला की आतलं रक्त मंदावतं, घुटमळतं, आणि आता घासण फारच कमी झाली म्हणून भिंत आणखी दुखणाईत होते. आई म्हणायची तसं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आईचा फुगा असाच पंधरा-वीस वर्षं घडत होता. तिचा दाब, तिचं गोळ्या विसरणं, आणि तो फाटा. त्या सकाळी तू कुजबुजला असतास तरी तो तिथे होताच. एकदम चढलेला दाब शेवटचं निमित्त होऊ शकतो, हे मी नाकारत नाही, नाहीतर आणखी एक खोटं होईल. पण ते निमित्त जिना चढण्यानं होतं, खोकल्यानं होतं, खळखळून हसल्यानंही होतं. माणसाच्या आवाजानं फुगा घडत नाही.

मग मी तसं का म्हणाले? त्याला कारण आहे. ते या पत्रात नको.

आईला होता, म्हणजे मुलांना असायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त. म्हणून स्कॅन. चिठ्ठी हरवली असेल तर ही दुसरी.

टकळी


१६ जून

वहिनी,

हे पत्र तुला, पण तुझ्यासाठी नाही. परवा तू फोन केलास त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहिले, मी रडतच बसले. माझी दोन्ही पाकिटं त्याच्या अवजारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, न फोडलेली आहेत, हे कळलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला" असं तो म्हणाला, तेही कळलं. आणि तू सांगितलंस ते खरं कारणही समजलं. दर वर्षी त्याला डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. डोक्यात काही निघालं तर क्रेनवरून उतरवतील. पंचवीस वर्षं तो वर बसलाय. वर असतो तेव्हा शांत असतो आणि खाली आला की शिवणयंत्राच्या आवाजानंसुद्धा वैतागतो, हे तूच म्हणालीस.

तूच असंही म्हणालीस की तो कुणाचं ऐकत नाही, पण जेवताना कुणी वाचायला लागलं तर ताट सोडून उठणं त्याच्या जिवावर येतं. तर त्याला वाढ. दोन घास जाऊ देत. मग इथून पुढे मोठ्यानं वाच. भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाला तरी थांबू नकोस.

दादा,

माझं काम काय, ते तू कधी धड विचारलं नाहीस आणि मी धड सांगितलं नाही. घरात सगळे म्हणायचे, टकळी नसा घासते. ते फार चुकीचं नाही. मशीनमधून जे चित्र येतं ते स्वच्छ नसतं. धमनीच्या कडा खडबडीत दिसतात, मधेच ठिपके येतात. माणूस जरा हलला, श्वास जोरात घेतला, की चित्रात कचरा येतो. तसं चित्र गणिताला चालत नाही, रक्त कुठून कसं वाहील ते मोजता येत नाही. म्हणून आधी कुणीतरी बसून एकेक काप, म्हणजे डोक्याच्या पातळ थराचं एकेक चित्र, बघायचा, कचरा पुसायचा, भिंत गुळगुळीत करायची. ते मी करते. प्रयोगशाळेत माझ्याइतका सफाईदार हात कुणाचा नाही, असं बावीस वर्षं सगळे म्हणत आले आणि मला ते आवडत आलं.

तुझ्या चित्रात डाव्या बाजूच्या फाट्यावर एक बारीक उंचवटा होता. मोहरीपेक्षा जरासा मोठा. आजारी माणसांच्या यादीतलं चित्र असतं तर मी तिथे थांबले असते, भिंग लावलं असतं, कुणाला तरी हाक मारली असती. पण तू निरोगी लोकांच्या यादीत होतास. त्यात माझा भाऊ. पंचवीस किलोची पेटी खांद्यावर घेऊन शिडी चढणारा. मी म्हटलं कचरा आहे, आणि पुसला. एका मिनिटाचंही काम नव्हतं.

त्यानंतर आठ वर्षं तुझा फाटा आमच्याकडे नमुना म्हणून आहे. नवीन माणूस आला की त्याला आधी सात नंबर दाखवतात, बघ, निरोगी फाटा असा असतो. भिंतीवर त्याचं हातभर मोठं रंगीत चित्र लावलं आहे. त्याच्याशी ताडून आम्ही इतरांचे आजार ठरवले.

दोन महिन्यांपूर्वी एक गणितवाली बाई आमच्याकडे आली. पन्नाशीची, अबोल, काटेकोर. तिला पुसलेली चित्रं नको होती, कच्ची हवी होती. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सातव्याला सफाई जरा जास्त झाली आहे."

मी म्हणाले, "कचरा होता तो."

ती म्हणाली, "कचरा लागोपाठ चार कापांत एकाच जागी बसेल का?"

मी बघितलं. नाही बसत. मला हे पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मग तिने न पुसलेल्या चित्रावर गणित चालवलं. रक्ताचा झोत बेचक्यावर आदळतो, वळतो, आणि जिथे घासण सगळ्यात जास्त, तिथून केसभर पलीकडे तो उंचवटा. आईला होता त्याहून वेगळा फाटा, पण गोष्ट तीच.

आता नीट ऐक, कारण इथे तू पाण्याचा तांब्या उचलून आत जाशील. तो फुगवटा असेलच असं नाही. तिथून निघणाऱ्या एखाद्या बारीक धमनीचं मूळ असू शकतं. कदाचित खरंच कचरा असेल. आठ वर्षांपूर्वीच्या चित्रावरून शपथेवर सांगता येत नाही, म्हणून नवीन काढायचं. फुगवटा निघाला तरी असे बहुतेक लहान फुगे जन्मभर काही करत नाहीत. डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात, दाब सांभाळायला लावतात, सिगरेट सोडायला लावतात, आणि ती तू सोडलेली नाहीस हेही मला वहिनीकडून कळलं आहे. गरज पडलीच तर मांडीतून किंवा मनगटातून तार नेऊन आतून बंद करतात. पण दादा, तू ऐंशी मीटर उंच एकटा बसतोस. तुझ्या हुकाला दोन टनांचं ओझं असतं आणि त्याखाली माणसं चालत असतात. तुझं काय व्हायचं ते होवो म्हणालास, तर त्या माणसांचं काय?

मी साहेबांना सगळं सांगितलं. कचेरीतून रीतसर पत्र तुला येईल, पण त्याला समितीची बैठक लागते, सह्या लागतात, आणि कुणाचा नंबर कोण हे मी असं लिहायला नको होतं. सध्या मला सफाईचं काम दिलेलं नाही. नुसती बसून आहे, रिकामे हात मांडीवर ठेवून. त्यामुळे बावीस वर्षांत पुसलेलं सगळं आठवत बसते. कोण जाणे आणखी किती.

वहिनी, त्याने ताट संपवलं का, ते कळव.

टकळी


१७ जून, सकाळी

दादा,

काल ते पत्र पेटीत टाकलं आणि तासाभराने परत मागायला गेले. टपालकचेरीतली बाई म्हणाली, पेटीत पडलं की पाठवणाऱ्याचं राहत नाही. नियम आहे म्हणे. मी तिच्याशी भांडले. ती माझ्या वयाचीच होती, भांडणात तिला रस नव्हता.

परत मागायचं कारण असं की वहिनीच्या तोंडून तुला हे कळावं हे बरं नव्हे. तुझ्यासमोर येऊन सांगायला हवं होतं. पण तू दार उघडलं नसतंस, आणि उघडलं असतंस तर मी भलतंच काही बोलले असते. जिन्यात बोलले तसं.

आज वारा आहे का तिथे? वारा असला की तुमचं काम बंद असतं ना. इथे पान हलत नाही. सकाळपासून तीनदा बाहेर जाऊन झाडाकडे बघून आले, जसं काही तुझं आणि माझं झाड एकच आहे. लहानपणी तू चिंचेवर चढून मला खाली उभं करायचास आणि वरून शहाणपण शिकवायचास. उंटावरचा शहाणा म्हणायचे मी तुला. आता तो उंट ऐंशी मीटरचा झाला आणि मी खालीच आहे, तोंड वर करून.

ये रे खाली.

टकळी


२५ जून

दादा,

वहिनीचा फोन आला. म्हणाली, तू शेवटच्या ओळीपर्यंत बसलास, ताट संपवलंस, हात धुतलेस, टॉवेल जागेवर ठेवलास. मग एकच वाक्य बोललास. "तिला विचार, आईने तिला फोटो पाठवला होता, तो आहे का अजून."

मला वाटत होतं, ही गोष्ट आई आणि मी सोडून कुणालाच माहीत नाही, आणि आई तर गेली.

आहे. अजून आहे. फोन दोनदा बदलला, दोन्ही वेळा तो फोटो आधी नवीन फोनमध्ये घेतला आणि कधी उघडला नाही.

आई गेली शुक्रवारी. फोटो मंगळवारचा, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आलेला. खाली तिने लिहिलं होतं, "उजवी पापणी वर जात नाही. डोळ्यामागे दुखतं. तुझ्या विषयातलं आहे का?" माझ्या टेबलावर कुणाचं तरी डोकं अर्धवट पुसलेलं होतं, दुपारपर्यंत द्यायचं होतं. मी फोटो लहान चौकोनातच बघितला, मोठा केला नाही. लिहिलं, "थकवा असेल. पड जरा. संध्याकाळी फोन करते." संध्याकाळी फोन केला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी केला तेव्हा तिने तुझं कौतुक सांगितलं, तू सुट्टीवर येणार म्हणून ती खुशीत होती, पापणीचं मी विचारलं नाही.

पापणी उचलणारा मज्जातंतू आईच्या त्या धमनीला अगदी लगटून जातो. फुगा वाढायला लागला की त्याला दाबतो, आणि पापणी खाली येते. हे आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी स्वतः शिकवलं आहे, फळ्यावर आकृती काढून. दिव्याखाली अंधार म्हणून सुटका करून घेता येत नाही, कारण अंधार नव्हताच. तिने सरळ विचारलं होतं, तुझ्या विषयातलं आहे का.

इस्पितळात डॉक्टरांनी आपल्या दोघांना विचारलं, पापणी कधीपासून अशी आहे? मी म्हणाले, माहीत नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं सहज बघितलंस. दहा मिनिटांनी जिन्यात मी तुझ्या ओरडण्याचं बोलले. मला तेव्हा कुणाचा तरी दोष हवा होता, लगेच, आणि तो माझा नको होता. इतकं साधं आहे ते. पाच वर्षं मी त्याला निरनिराळी नावं दिली.

काल फोटो उघडला. मोठा केला. पापणी अर्धी खाली, आणि आत जेवढं दिसतं त्यात बाहुली मोठी झालेली. कुणालाही दिसेल. तरी ती कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे, फोटो काढायचा म्हणून केसही नीट केलेत.

हे सगळं लिहून काढलं, कारण तू मागितलंस. आता माझ्याकडे लपवण्यासारखं काही शिल्लक नाही. माझ्यावर राग धर, मरेपर्यंत धर, तोंड दाखवू नकोस, मी तक्रार करणार नाही. पण त्या रागापायी स्कॅन टाळू नकोस. मी एकदा बघितलं नाही, एकदा बघून पुसलं. तिसऱ्यांदा मला जमणार नाही, दादा. जा.

टकळी


४ जुलै

टकळे,

आज वारा जास्त आहे, काम बंद आहे. म्हणून बसलो. मला चार ओळींपुढे लिहिता येत नाही, पण तुझी वहिनी समोर बसली आहे आणि पान भरल्याशिवाय जेवायला देणार नाही म्हणते.

मंगळवारी जाऊन आलो. तुझा कचरा आहे तिथेच आहे. चार मिलीमीटर. फुगाच आहे, धमनीचं मूळ वगैरे नाही. डॉक्टर म्हणाले घाबरायचं नाही, पण तो सरळसोट नाही, एका बाजूने वाकडा आहे, म्हणून दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवून ठरवतील. बहुतेक तार घालतील. सिगरेट बंद. दाब घरी मोजायचा, सकाळ-संध्याकाळ. वहिनीने वही केली आहे.

क्रेनवरून उतरवलं. मीच जाऊन सांगितलं, दाखल्याची वाट बघितली नाही. तू खालच्या माणसांचं लिहिलं होतंस, ते घास घेता घेता डोक्यात बसलं. आता मी खाली उभा राहून खुणा करतो आणि वर दुसरा बसतो. मान दुखते. तो ओझं फार झटक्याने उचलतो. पंचवीस वर्षांनी मला कळलं की खालून मी किती लहान दिसत असेन. पहिल्या दिवशी घरी येऊन कुणाशी बोललो नाही. आता बोलतो.

आता त्या सकाळचं. शेजारच्या काकूंनी आवाज ऐकला, शब्द ऐकले नाहीत. मी गुरुवारी रात्री पोचलो तेव्हा आई झोपली होती. सकाळी चहा देताना तिचा डोळा बघितला. म्हटलं, हे काय? चल इस्पितळात. ती म्हणाली, "टकळीला विचारलंय. तिने फोटो बघितलाय, थकवा आहे म्हणाली." मी म्हटलं, फोटो बघून काय कळतं, चल. ती म्हणाली, "तिच्याइतकं तुला कळतं का?" मी म्हटलं, मला काही कळत नाही, तरी चल. तिचं एकच, टकळीने सांगितलंय. मग मी ओरडलो. तिच्या चपला हातात घेऊन घरभर तिच्यामागे फिरलो. उचलून नेतो म्हणालो. ती हसायला लागली, म्हणाली, "लोक म्हणतील आईला पळवून नेलं." मग माझं डोकं फिरलं. दार आपटून निघून गेलो, बसस्टॉपवर दोन तास बसलो. परत आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पडलेली होती. तुझं नाही बघणं जसं तुझं आहे, तसं ते दोन तास माझे आहेत.

जिन्यात हे सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर तू परत त्या टेबलाशी बसली नसतीस, आणि तुला दुसरं काही येत नाही. म्हटलं, आपणहून सांगेल. महिना वाट बघितली. मग वर्ष. मग पाच झाली, वाट बघायचीही सवय लागते. तू खोटं बोललीस याचा राग नव्हता मला. तू मला ते एकट्याला माहीत असू दिलंस, याचा होता.

वहिनीने तुझी सगळी पत्रं काढून वाचली, पेटीतली पण. ती म्हणते, ही पोरगी "मुलांना असायची शक्यता" असं लिहिते, आणि चिठ्ठ्या जोडते दोन, त्या दोन्ही तुमच्याच नावाच्या. मुलं तर दोन आहेत. आता तर आईला होता आणि भावालाही निघाला. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बहिणीने आधीच यायला हवं होतं, झाली असेल ना त्यांची तपासणी? मी म्हटलं, ती हजारो डोकी बघते, तिची झाली असेल. वहिनी म्हणाली, नाही झाली, पैज लावते.

पुढच्या गुरुवारी दहा वाजता तुझ्याकडच्या मोठ्या इस्पितळात तुझा नंबर लावला आहे. मी बुधवारी संध्याकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतो, सकाळी आपण दोघं जाऊ. काम आहे, समिती आहे, असलं काही सांगू नकोस. नाही म्हणालीस तर ओरडेन, आणि या वेळी दार आपटून निघून जाणार नाही.

दादा